तोटी नसलेला बंब

"...ते सगळं झालं, पण गॅसचा घ्यावा की विजेचा, ते सांगा ना बुवा."

बुवा गवती चहा निवडत होते. ते निवडत राहिले.

श्रीरंग हुपरीकरनं हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. घाटमाथ्यावरच्या आमच्या मठात तो सहा वर्षं येत होता आणि बुवांचा शिष्य म्हणवून घेत होता. कारखान्यात आलेला माल तपासून नापास करणं, ही त्याची नोकरी. ती तो घरीही करायचा.

घर दोन खोल्यांचं. जुना गीझर फुटला त्याला चौदा महिने झाले होते. नवा हवा तो असा, की एकाच यंत्रातून न्हाणीतही गरम पाणी येईल आणि स्वयंपाकघरातही. शिवाय जागा खाणार नाही आणि नळाला जोर नसला तरी चालेल.

त्यासाठी श्रीरंगनं वही केली होती. गॅसवरचा नापास, कारण न्हाणीला धड खिडकी नाही. विजेचा मोठा नापास, कारण भिंत कच्ची. विजेचा छोटा नापास, कारण एका बादलीत संपतो. उन्हावरचा नापास, कारण गच्ची वरच्या मजल्यावाल्याची. दुकानदार त्याला लांबून ओळखू लागले होते आणि ओळखताच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत होते.

या चौदा महिन्यांत घरचं पाणी कशावर तापत होतं, ते मात्र वहीत नव्हतं.

ते शेगडीवर तापत होतं. त्याची बायको निर्मला रोज सकाळी मोठं पातेलं तापवायची, फडक्यानं धरायची आणि स्वयंपाकघरातून न्हाणीत न्यायची. गेल्या सोमवारी पातेलं कललं आणि कढत पाणी तिच्या पायावर पडलं. दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. परत कधी येशील, असं श्रीरंगनं दारात विचारलं, तर ती म्हणाली, येईन की नाही तेच अजून ठरलं नाही.

हे सगळं त्यानंच बुवांना आणि मठातला सेवेकरी म्हणून शेजारी बसलेल्या मला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. तिला नीट धरता आलं नाही, त्यात माझं काय चुकलं? मी हे कुणासाठी शोधतोय? उद्या भलतंच यंत्र आणलं आणि कुणाच्या जिवावर बेतलं, म्हणजे? आता यंत्र ठरवायचं, बसवायचं आणि मगच तिला आणायला जायचं, असा त्याचा बेत होता. बुवांनी फक्त होकार द्यायचा होता.

"तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर तिला बोलायला तोंड राहणार नाही," तो म्हणाला.

बुवांचा हात थांबला.

बुवा तापट आहेत. पण राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, खाली जातो. तो खाली गेला की मठातली मांजरंसुद्धा उठून जातात.

"आंघोळ झाली का रं तुझी?"

"नाही अजून."

"करून ये. मग सांगतो."

श्रीरंग उठला तसा मीही उठलो. बुवांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

मी खाली बसलो.

मठामागं पत्र्याच्या आडोशाला तांब्याचा बंब आहे; ओसरीतून तो दिसतो. त्याच्या पोटात जाळ धडधडत होता. श्रीरंगनं बादली चोचीखाली ठेवली आणि कमरेला पंचा गुंडाळून तो उभा राहिला...

पाणी येईना.

त्यानं चोच हलवली. बंबावर थाप मारली आणि हात पोळून घेतला. मग बादली उचलून तणतणत परत आला.

"बुवा, बंब बिघडलाय तुमचा. त्याला तोटीच नाही."

"सहा वर्सं आंघोळ कशी केलीस मग?"

"बादली भरलेली असायची."

"कोण भरायचं?"

श्रीरंगनं बादली खाली ठेवली.

मी तिथं चार हातांवर बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी भरायचो. सहा वर्षं. माझी कंबर धरते, हे मठात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो कपडे काढून येईपर्यंत बादली भरून मी बाजूला झालेलो असायचो. सेवेचा गवगवा करू नये, असं मला वाटायचं. त्या दिवशी मला त्याचा संताप आला, आणि माझा स्वतःचाही.

बुवा उठले आणि मठामागं चालू लागले. श्रीरंग त्यांच्यामागं गेला. बादली ओसरीतच राहिली. ती मला दिसत होती. मी ती उचलून नेली नाही.

बंबाशेजारी गार पाण्याची कळशी भरून ठेवलेली असते. आमच्या बंबाची रीत अशी, की वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतायचं. ते तळाशी जातं, आणि जेवढं ओतलं तेवढंच कढत पाणी चोचीतून बाहेर पडतं. ओतलं नाही तर येत नाही.

"ओत," बुवा म्हणाले.

"गार? मला गरम हवंय."

"ओत म्हटलं ना."

श्रीरंगच्या कपाळाची शीर फुगली. इतका शिकलेला माणूस, आणि त्याला कळशी उचलायला लावतात. त्यानं रागारागानं कळशी खांद्यापर्यंत नेली आणि नरसाळ्यात भडाभडा ओतली.

चोचीतून वाफाळतं पाणी सुटलं. खाली बादली नव्हती, श्रीरंगचा पाय होता.

तो ओरडून मागं सरला. कळशी दगडावर आपटली आणि तिला पोचा पडला.

"आधी सांगायचं तरी!" तो किंचाळला. "भाजला ना पाय माझा! मला काय ठाऊक, पाणी तिथून येतं ते?"

बुवांनी त्याला दगडावर बसवलं आणि पिंपातलं गार पाणी तांब्यातांब्यानं त्याच्या पायावर सोडायला सुरुवात केली. एक तांब्या, दुसरा, तिसरा. श्रीरंग दात खाऊन बसला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडानं अजून बोलणं चालूच होतं, की हा बंब भंगारात घाला, माणसं मरतील एक दिवस.

"कुठला भाजला?" बुवांनी विचारलं.

"दिसतोय की. हा डावा."

"तिचा?"

श्रीरंगनं आपल्या पायाकडे पाहिलं.

बुवा पाणी सोडत राहिले.

"उजवा..." तो म्हणाला.

बुवांनी मान वर केली नाही.

"नाही... डावाच असेल. पातेलं ती डाव्या..."

पुढं त्याला आठवेना.

बुवांनी तांब्या पिंपावर उपडा घातला. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की मला ओसरीच्या टोकाला जाऊन ऐकावा लागला.

"जा. बघून ये."