हुशारी या शब्दाखालचे वाक्य

एकदा एका वृद्ध गुरुजींनी गावोगावच्या बोलण्यातले शब्द जमवायला घेतले. त्यासाठी मोठी वही केली. आधी शब्द, मग त्याचा अर्थ, आणि खाली तो कसा वापरतात हे दाखवणारे एक वाक्य. लिहायला त्यांच्याजवळ एक शिष्य होता. धनगराघरचा, शाळा अर्ध्यात सुटलेली, अक्षर मात्र वळणदार. त्याला आणून सोडताना थोरला भाऊ चारचौघांत म्हणाला होता, "गुरुजी, ह्याला तेवढी अक्कल शिकवा." सगळे हसले होते. शिष्य ते हसणे विसरला नव्हता.

त्या दिवशी वहीत 'हुशारी' हा शब्द आला. शिष्याने अर्थ लिहिला: बुद्धीची चलाखी. खाली घालायला वाक्य सुचेना. तेवढ्यात घोंगड्या विकायला निघालेला त्याच्या गावचा मायाप्पा रस्त्यावरूनच हाक मारून म्हणाला, "अरे, तुझ्या दादाला हुशारी नाही. आईनं सांगितलंय, येऊन जा."

शिष्य खिडकीतून ओरडला, "ती त्याला कधी होती, मायाप्पा? पुन्हा कुणीतरी लंगडी मेंढी गळ्यात मारली असेल! पुढच्या बाजाराला येतो म्हणावं, येताना वहीतली थोडी हुशारी बांधून आणतो."

मायाप्पा क्षणभर नुसता बघत राहिला. मग "तुझं तू बघ बाबा," म्हणून तट्टू हाकत पुढे गेला. शिष्याने हसत हसत वाक्य लिहून टाकले: 'दादाला हुशारी नाही.' शेजारी बसून सगळे ऐकणाऱ्या गुरुजींनी ते वाचले, आणि तेही हसले.

पाचव्या दिवशी दुसरा निरोप आला. दादा तापाने गेला होता.

तेराव्यानंतर शिष्य परत आला. डोक्यावर केस नव्हते. कुणाशी न बोलता तो थेट वहीपाशी गेला आणि ते पान फाडू लागला. गुरुजींनी त्याचा हात धरला.

"सोडा, गुरुजी. आमच्याकडे आजारी माणसाला हाच शब्द विचारतात. ताप उतरला की आई कपाळावर हात ठेवून म्हणते, 'आता हुशारी वाटते का रे?' मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं! चार दिवस तो दाराकडे बघत होता म्हणे. हे वाक्य इथं राहता कामा नये."

गुरुजींनी चुरगळलेले पान सरळ केले. टाक शाईत बुडवला. वाक्याला हात न लावता त्यांनी वरचा अर्थ तेवढा एका रेघेने खोडला आणि टाक शिष्यापुढे धरला.

"वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले. "अर्थ चुकला आहे."

शिष्याचा हात अजून पानावरच होता.

"आईने पाठवलेला शब्द तुझ्यापर्यंत नीट पोहोचला होता. पण त्या हसण्याचा सल तुझ्या मनात होता. दोन अर्थांतला एक त्या सलाने उचलला, आणि आपण दोघांनी त्या कोटीला बुद्धी म्हटले. मीही हसलो, बाळ. मायाप्पा का हसत नाही, हे माझ्या पांढऱ्या केसांनाही विचारावेसे वाटले नाही. शब्द कानावर पडला की तो कुणाच्या तोंडून आणि कशासाठी निघाला, एवढे पाहण्यापुरते थांबता यावे. यालाच मी आता बुद्धी म्हणेन. मला ती या वयात कळली. तुला मात्र फार महाग पडली."

शिष्याने टाक घेतला आणि खोडलेल्या ओळीच्या वर लिहिले: आजारी माणसाच्या अंगात परत येणारी तरतरी. खाली त्याचेच जुने वाक्य होते. त्यापुढे जागा शिल्लक होती. मायाप्पाच्या तोंडचे राहून गेलेले दोन शब्द त्याने तिथे जोडले.

'दादाला हुशारी नाही. येऊन जा.'