अर्जुनवृक्षाला दिलेली माती

पूर्वी कुंभवती नगरीवर अरिजय नावाचा राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. नगरीच्या नदीकाठी अर्जुनाचा एक प्रचंड वृक्ष होता. नव्या राजाने अभिषेकाच्या दिवशी त्याच्या बुंध्याशी ओंजळभर माती वाहायची, अशी तिथली रीत होती. तिला 'वृक्षाला माती देणे' असे म्हणत.

अरिजयाला ओंजळ कशी पुरणार? जो मुलूख जिंकला, तिथली माती त्याने गाड्या भरभरून आणवली आणि वृक्षाभोवती रचली. होता होता खोड पुरुषभर गाडले गेले. एवढा मान कोणत्या झाडाला मिळाला, म्हणून लोक कौतुक करीत राहिले, आणि वृक्ष शेंड्याकडून वाळू लागला.

वृक्ष गेला की राज्य गेले, अशी सर्वांची समजूत होती. पुरोहित म्हणाला, शेवटची माती धृतिसेनाच्या मुलखातली आहे, तीच बाधली. धृतिसेनाचा बळी दिल्यावाचून वृक्ष वाचायचा नाही. हरलेला धृतिसेन राजा तेव्हा अरिजयाच्या बंदिवासात होता. बळीसाठी पौर्णिमा ठरली.

अमात्य वृक्षापाशी जाऊन आले आणि राजाला म्हणाले, "महाराज, झाडाचं खोड जमिनीपाशी रुंद होत मुळांत उतरतं. आपलं झाड खांबासारखं सरळ मातीत शिरलंय. मला उकरू द्या. कारण सापडलं नाही, तर धृतिसेनाच्या आधी माझी मान उडवा."

विजयाचा ढीग उकरायचा, हे राजाला झोंबले. पण अमात्यांच्या शब्दाला वजन होते, म्हणून त्याने होकार दिला. सालीला इजा होऊ नये म्हणून बुंध्याजवळ कुदळ न लावता हातांनी माती काढली. आत साल ओलीने काळी पडली होती. भरावात फुटलेली मुळे दोरासारखी खोडाला आवळून बसली होती. अमात्यांनी ती एकेक करून कापली.

पौर्णिमेच्या सकाळी राजा आला, मागे वधक होता. राजाने खाली पाहिले आणि तो जागीच थांबला. खोडाच्या थोरल्या कडा पसरत पसरत जमिनीत उतरल्या होत्या. एकेकीच्या आडोशाला बैल बसावा, एवढ्या. या झाडाखाली तो लहानाचा मोठा झाला होता, पण झाडाचे पाय त्याने आज प्रथमच नीट पाहिले. पादत्राणे काढून तो खाली उतरला आणि त्याने बुंध्याला कपाळ टेकवले.

अमात्य हळूच म्हणाले, "या पायांना वारा लागतो, तोवर झाड जगतं. आपण त्याला माती दिली, महाराज. माती मेलेल्याला देतात."

राजा उठून वर आला. मग त्याने धृतिसेनाला आणवून त्याच्या बेड्या स्वतः काढल्या आणि सांगितले, "तुमची माती घेऊन जा. मुलूखही तुमचाच."

त्या वर्षी वृक्षाला पालवी आली नाही. लोक कुजबुजले, पुरोहित पुन्हा येऊन गेला, तरी राजाने बळीचे नाव काढले नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्यापर्यंत पालवी फुटली.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा अरिजय म्हणजे आज नवख्या भिक्खूंवर नियमांचे ढीग रचणारा हा ज्येष्ठ भिक्खू, स्थविर गोदत्त. धृतिसेन म्हणजे त्याच्या धाकाने भिक्खूचे वस्त्र, चीवर, उतरवून संघ सोडून निघालेला हा सुमेघ. अमात्य मीच होतो." ते ऐकून गोदत्त उठला आणि त्याने सुमेघाचे चीवर आपल्या हाताने त्याच्या खांद्यावर ठेवले. मान देतानाही आपण कोणाला गाडत तर नाही ना, हे जिला दिसते, ती प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता.