निम आणि टेक

इंग्रजी भाषेच्या घरात फार पूर्वी निम नावाचं क्रियापद राहायचं. घेण्याचं काम त्याचं. एके दिवशी उत्तरेकडच्या खलाशांबरोबर टेक, म्हणजे आजचं 'take' हे क्रियापद, होडीतून उतरला. तोही घेण्याचंच काम करायचा.

"उपरा कुठला! बस ओसरीवर," निम फणकारला.

तेवढ्यात एक सुतार आला. "मला जरा विसावा घ्यायचाय."

"विसावा काय हातात धरता येतो? असली कामं मी करत नाही!" निम म्हणाला.

"मी करतो की," ओसरीवरून टेक म्हणाला.

पुढे औषध घेणं, बस पकडणं, परीक्षा देणं, सगळ्यालाच माणसं टेकला बोलावू लागली. शब्दकोशात त्याला पानंच्या पानं मिळाली.

आता ओसरीवर निम बसतो. "मूळचा मी इथला!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

"हो का, आजोबा?" माणसं कौतुकानं म्हणतात आणि आत हाक मारतात, "टेक, यांचा एक फोटो काढ रे!"