लिंबाजीला सिनेमा कळला

चिंचोशी गावात लिंबाजी नावाचा एक बाप्या होता. भोळा. किती भोळा? पहिली सोयरीक आली तेव्हा मुलीचा बाप म्हणाला, "पाव्हणं, घर आपलंच समजा." लिंबाजीनं समजलं. जेवणं झाल्यावर सासऱ्याला म्हणाला, "बरं, आता तुम्ही निघा. आम्हाला जरा पडायचंय." ती सोयरीक तिथंच मोडली. दुसरी कशी मोडली ते त्याच्या आईनं, भागूबाईनं, कधी कुणाला सांगितलं नाही.

आता तिसरी आली होती. गावच्या तालमीच्या सर्जेराव वस्तादाची मुलगी हौसा. पोरगी कामाला वाघीण, बोलायला साखर. वस्ताद मात्र तापट. चाळीस वर्षं तांबड्या मातीत काढलेली, पण त्याची पाठ मातीला कुणी लावलेली नव्हती. हे तो स्वतःच सांगायचा, रोज सांगायचा.

लिंबाजीचं वय अठ्ठावीस. ही गेली तर चौथी कोण देणार?

भागूबाई म्हणाली, "रविवारी सुपारी फुटायची हाय. तोवर तोंड मिटून राहा."

लिंबाजी दोन वेळा जेवला नाही.

"मेल्या, जेवायला उघड की!"

"मग तसं सांगायचं, आई."

त्याच आठवड्यात गावची जत्रा. जत्रेत तंबूतला सिनेमा आला. लिंबाजी मारामारीच्या सिनेमाला गेला आणि नेमका हुपरीकर मास्तरांच्या शेजारी बसला. हे मास्तर चित्रकला शिकवायचे. शहरात जाऊन सिनेमा कसा बघावा याचं पाच दिवसांचं शिबिर करून आले होते. तेव्हापासून त्यांना सिनेमा सरळ बघता येत नव्हता आणि दुसऱ्यालाही ते बघू देत नव्हते.

पडद्यावर हिरो आणि व्हिलन एकमेकांना बडवत होते. पावसात. दोघांचे शर्ट फाटलेले.

"मार! मार त्याला!" लिंबाजी ओरडला.

मास्तर हसले. "लिंबाजी, तुला हे भांडण वाटतं?"

"मग काय हाय?"

"प्रेम."

लिंबाजीनं डोळे चोळून परत बघितलं. हिरोनं व्हिलनचं डोकं भिंतीवर आपटलं.

"लई जोरात करत्यात," लिंबाजी म्हणाला.

"अरे, आतली गोष्ट बघ. हिरो हिरॉइनला किती वेळ भेटला? एका गाण्यापुरता. आणि व्हिलनच्या मागं किती फिरला? अख्खा सिनेमा. फोटो कुणाचा खिशात ठेवला? व्हिलनचा. झोपेत नाव कुणाचं घेतलं?"

"व्हिलनचं."

"'तो माझा आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही,' हे कुणाबद्दल म्हणाला?"

"आयला. व्हिलनबद्दल."

"आणि भिडायच्या आधी शर्ट कशाला फाडायचे? भिजायचं कशाला? ह्या सगळ्याला आत एक अर्थ असतो. ते पिस्तूल दिसतं ना, ते पिस्तूल नाही."

"मग काय हाय?"

मास्तरांनी मागं बघितलं. मागं बायका बसल्या होत्या. "ते मोठा झाल्यावर कळेल."

"मी अठ्ठावीसचा हाय, मास्तर."

"एवढंच ध्यानात ठेव. जिथं गोड हसणं, गोड बोलणं, ते नुसतं वरवरचं. आत काही नसतं. जिथं माणूस दातओठ खातो, तिथं त्याचा जीव जडलेला असतो."

लिंबाजीनं ध्यानात ठेवलं. हीच तर त्याची खोड होती.

दुसऱ्या दिवशी तो म्हशी घेऊन निघाला. वाटेत गेनू आणि शिरपा यांची बांधावरून जुंपली होती. याच्या हातात त्याची कॉलर, त्याच्या हातात याचे केस. दोघंही दातओठ खात होते. लोक सोडवायला धावले.

लिंबाजी आडवा आला. "कुणी जवळ जाऊ नका! तोंडं फिरवा सगळ्यांनी! लाजा नाहीत का?"

त्यानं खांद्यावरची घोंगडी सोडली आणि लग्नात अंतरपाट धरतात तशी दोघांच्या पुढं आडवी धरून उभा राहिला. लोकांना काहीच दिसेना. नुसते आवाज यायला लागले.

"अरं, काय चाललंय आत?" एक म्हातारा म्हणाला.

"आबा, तुमचं वय झालं. तुम्ही इचारू नका."

घोंगडी खाली आली तेव्हा गेनूचे दोन दात शिरप्याच्या हातात होते. मग गेनूच्या आणि शिरप्याच्या घरच्यांनी मिळून लिंबाजीला तुडवला. दोन्ही घरं दहा वर्षांत पहिल्यांदा एका कामाला एकत्र आली.

आईनं हळद लावता लावता विचारलं, "असं का केलंस रं?"

"मास्तर म्हणालं, त्यांचा एकमेकांवर जीव हाय."

"मास्तराच्या तोंडात माती! दोन माणसं भिडली की मधी पडावं, दोघांना ओढून बाजूला करावं, तोंडात गुळाचा खडा घालावा. कळलं?"

"कळलं, आई."

शुक्रवारी जत्रेचा फड. शेवटची कुस्ती चांदीच्या गदेची. वस्तादाचा पट्ठा बाजी आणि परगावचा एक डोंगराएवढा मल्ल. पाऊण तास झाला होता. बाजीनं खालून पट काढला, मल्लाला उचलला, आता आपटणार. वस्ताद कडेला उभा राहून रडत होता, आनंदानं.

तेवढ्यात लिंबाजी मातीत उतरला.

"सोडा! सोडा एकमेकांना!" त्यानं बाजीची बोटं एकेक करून सुटी केली. "शाण्यासारखी माणसं तुम्ही. घ्या, तोंड गोड करा."

बाजीच्या तोंडात एक खडा, मल्लाच्या तोंडात एक खडा. मल्ल दमलेला होता, त्यानं लगेच खाल्ला आणि आणखी हाय का विचारलं. पंचांनी कुस्ती रद्द केली. गदा देवळात परत गेली.

वस्तादानं लिंबाजीची मानगूट धरून त्याला फडाबाहेर काढला. वस्तादाच्या मिशा थरथरत होत्या. "गाढवा! परवा तुझी सुपारी फोडायची म्हणून सोडतोय, नायतर तुलाच फोडला असता. दोन गडी एकमेकांच्या अंगाला लागले की मधी पडायचं नसतं! कडेला उभं राहायचं, शड्डू ठोकायचा आणि आपल्या माणसाला जोर द्यायचा. शिरलं का टाळक्यात?"

"शिरलं, वस्ताद."

रविवार उजाडला. वस्तादाच्या दारात मांडव. सगळं गाव आलं, मास्तरही आले. लिंबाजीला बाप नव्हता, म्हणून व्याही म्हणून त्याचा मामा उभा राहिला. मामाचं वय बहात्तर, काठीवर चालायचा, पोटात वाताचा गोळा. भागूबाईनं लिंबाजीला डोक्यावरून आंघोळ घातली, नवा फेटा बांधला आणि देवाला नारळ कबूल केला, की आज एवढं पार पडू दे.

सुपारी फुटली. भटजी म्हणाले, "आता व्याहीभेट."

व्याहीभेट म्हणजे दोन्हीकडचे वडीलधारे एकमेकांना मिठी मारतात. रीतच आहे. वस्ताद पुढं आला, मामा पुढं आला. दोघांनी एकमेकांच्या पाठीमागं हात घातले.

लिंबाजीनं बघितलं. दोन गडी एकमेकांच्या अंगाला लागले होते. मधी पडायचं नव्हतं. तो कडेला उभा राहिला आणि मांडीवर असा शड्डू ठोकला, की मांडवातली कबुतरं उडाली.

"मामा, सोडू नगा! वाकडा झालाय! टांग मारा! टांग!"

मामा दचकला. त्याची काठी निसटून वस्तादाच्या पायात गेली. वस्ताद काठी काढायला वाकला, मामा तोल सावरायला त्याच्या गळ्यात पडला, आणि दोघं मिळून खाली आले. खाली वस्ताद, वर मामा. शेणानं सारवलेल्या अंगणात वस्तादाची पाठ सपशेल टेकली. दोन्ही खांदे.

सगळा मांडव उठून उभा राहिला.

"चितपट!" लिंबाजी ओरडला आणि मामाचा हात धरून वर केला. मामा म्हणाला, "मला आधी उठवा रं कुणीतरी."

वस्ताद उठला. फेटा सुटलेला, सदरा फाटलेला, तोंड पिकल्या मिरचीसारखं लाल. "मोडली! सोयरीक मोडली! उचला तुमचं सामान! चाळीस वर्षांत ज्या पाठीला..."

भागूबाई मटकन खाली बसली. "वस्ताद, पदर पसरते. पोर भोळं हाय, वंगाळ न्हाई. एवढ्या डाव पदरात घ्या."

"उठा म्हणतो ना!"

तेवढ्यात आतून हौसा बाहेर आली. सगळं तिनं दारातून बघितलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, पण हसून हसून आलेलं. "आबा, सोयरीक मोडायची न्हाई."

"तू गप! ह्या येड्याबरोबर जन्म काढणार हायेस?"

"येडा हाय, पण खोटं बोलत न्हाई. तुमच्या तालमीतले शाणे बघितल्यात मी. तोंडावर वस्ताद, वस्ताद, आन् माघारी तुमच्या मिशांची नक्कल. ह्यो माणूस सांगितलेलं ऐकतो. मला असाच पायजे."

बायकांत हसू पिकलं. मांडवातली म्हातारी माणसं मध्ये पडली. "वस्ताद, पोरीचं मन हाय. जाऊ द्या."

वस्ताद नुसता लिंबाजीकडं बघत राहिला. पण नाही म्हणाला नाही, म्हणजे हो झालं.

भागूबाईच्या जिवात जीव आला. तिनं ताटातला झेंडूचा हार लिंबाजीच्या हातात दिला आणि त्याच्या कानात हळूच म्हणाली, "लेका, देवानं वाचवलं. आता एक अक्षर काढू नगंस. ज्या माणसाचा जीव तुझ्यावर जडलाय—"

आईला रडू फुटलं. तिला पुढं बोलता येईना. तिनं पदर तोंडाला लावून, हारच गळ्यात घाल, अशी हातानं खूण केली.

लिंबाजी हार घेऊन मांडवाच्या मध्ये उभा राहिला. जीव कुणाचा जडलाय ते नीट बघायला हवं होतं. घाई करून चालणार नव्हतं.

त्यानं हौसाकडं बघितलं. हौसा गोड हसत होती. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, अगदी सिनेमातल्या गाण्यातल्या हिरॉइनसारखी. लिंबाजीला फार वाईट वाटलं. चांगली पोरगी होती, पण आत काहीच नव्हतं.

मग त्यानं वस्तादाकडं बघितलं. वस्तादाचा सदरा फाटलेला. अंग घामानं भिजलेलं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मुठी आवळलेल्या, डोळे लालभडक, आणि सगळ्या मांडवात त्याला लिंबाजीशिवाय दुसरं माणूस दिसत नव्हतं. दातओठ तर असे खात होता, की कडकड आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता.

लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. अठ्ठावीस वर्षांत त्याच्यावर एवढा जीव कुणी टाकला नव्हता.

तो चार पावलं चालत गेला, सगळ्या गावासमोर त्यानं वस्तादाच्या गळ्यात हार घातला, आणि हळूच म्हणाला,

"वस्ताद, लई दिवस मनात कोंडून ठेवलंत. आता लाजू नगा."