कुंभार गोड बोलू लागला

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नव्हती. वैद्यकी शिकायला निघालेल्यालाच ती सांगायची, अशी आमच्या घरची रीत. आत्या ती ताईला सांगत होती आणि मी दाराआड उभी होते. पण इतकी छान गोष्ट पोटात ठेवून मला अभ्यास सुचेना. तेव्हा ऐका.

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यातल्या एका गावी एक म्हातारे वैद्यबुवा राहत. शिकायला येणाऱ्याच्या हातात ते पोथी देऊन थांबत नसत, त्याला गावातली एक आळी देत.

"तिथे ज्या बाळाच्या जन्माला तू पहिल्यांदा हजर असशील, त्याचा पहिला दुधाचा दात पडेपर्यंत ती आळी तुझी," ते म्हणत. "रोज जायचं, कोणी आजारी असो वा नसो. बसायचं, पाणी प्यायचं, गप्पा ऐकायच्या. संध्याकाळी येऊन मला सगळं सांगायचं. अडलं तर मी आहे."

अंबू नावाच्या मुलीला कुंभारआळी मिळाली. अंबू हुशार होती. पोथ्या तिला तोंडपाठ होत्या. पण आळीत तीच घरं, तीच माणसं, तोच खोकला. त्यातून पहिल्याच घरात रंगू कुंभार. चाकावरून मान वर न करता तो रोज ओरडायचा, "आली का टवळी! कालची नाडी आज कुठे पळून गेली होती का?" बायकोला, शेळीला, ओल्या लाकडांना, सगळ्यांनाच तो अशी आरती ओवाळायचा.

वर्षं गेली. ते बाळ आता आळीभर पळत होतं, पण त्याचे दात मात्र खुंटीसारखे घट्ट. अंबू कंटाळली.

अशात एकदा राजवैद्य आपल्या शिष्यांसह गावात आले. त्यांनी कुंभारआळीतल्या सगळ्यांना तपासलं. अंबूला प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं ऐकून ते खूश झाले.

"माझ्या पाठशाळेत रोज नवा रोगी, रोज नवा रोग," ते म्हणाले. "इथे काय शिकणार? उद्या सकाळी आमच्या गाडीत बस."

अंबूने बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, "जा असंही म्हणत नाही, नको असंही म्हणत नाही. पण पोरी, आळीचा निरोप घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

सकाळी ती आळीत शिरली, तर रंगूची बायको ताना घरोघर साखर वाटत होती. "देवी पावली गं! काल सकाळपासून यांच्या तोंडात एक वाकडा शब्द नाही. काल राजवैद्यसुद्धा म्हणाले, प्रकृती उत्तम, स्वभाव शांत!"

आत रंगू चाकापाशी बसला होता. अंबूला पाहून तो हसला. "या, अंबूबाई. बसा."

अंबू बसली नाही. ती थेट त्याच्या जवळ गेली.

"रंगूकाका, माझी नाडी कुठे पळाली, विचारा ना!" तिने डिवचून पाहिलं.

"असू दे," रंगू म्हणाला. मग थांबला. "बाई."

एवढ्याशा वाक्यातही तो मध्ये थांबला होता! अंबूने त्याच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. तिने घागर आणली आणि सरळ पाय धुवायला घेतले.

"अगं, काय करतेस हे!" मागून आत आलेली ताना ओरडली.

चिखल उतरला, तसे सुजलेले पाय दिसले. अंबूने अंगठा दाबला. तिथे खळी पडली, ती तशीच राहिली.

"काका, झोपता कसे?"

"भिंतीला टेकून."

"आणि सांगितलं का नाही?"

"जत्रेची मडकी राहिली असती." रंगूने श्वास गोळा केला. "शिवी द्यायला दम लागतो, पोरी. 'बसा' म्हणायला लागत नाही."

तानाच्या हातातली वाटी खाली पडली.

बाहेर गाडीचे घुंगरू वाजले. "अंबू, चल! निघालो आम्ही!"

"तुम्ही व्हा पुढे," अंबूने उत्तर दिलं आणि ती बुवांना आणायला धावली.

राजवैद्य मात्र पुढे गेले नाहीत. ते आत आले आणि त्यांनीही वाकून अंगठा दाबला. "काल मला हा माणूस फक्त शांत वाटला," ते हळूच म्हणाले.

"तुमचा दोष नाही," अंबूबरोबर येऊन पोचलेले बुवा म्हणाले. "तुम्ही त्याला एकदाच पाहिलंत. शांत रंगू हा किती भयंकर प्रकार आहे, ते आमच्या अंबूलाच ठाऊक!"

बुवा शेजारी बसले आणि उपचार त्यांनी अंबूलाच ठरवू दिले. ती चुकली तिथे तेवढं बोट धरलं. मीठ बंद, भट्टीचा धूर बंद, सूज उतरवणारा काढा सुरू. रंगूची भट्टी आळीने पेटवली, त्याची मडकी आळीने भाजली.

हळूहळू पाय पूर्वीसारखे झाले. आणि एका सकाळी शेळीने नवं मडकं फोडलं. रंगूच्या घरातून अशी काही माळ सुटली, की आळीतली सगळी चाकं थांबली. शेळीची आई, आजी, पणजी, सगळ्यांचा उद्धार झाला.

"ऐकलंत का?" ताना हसत होती आणि रडतही होती. "एका दमात! मध्ये कुठे थांबले नाहीत!"

त्या दिवशी आळीने पुन्हा साखर वाटली. अंबू आपल्या आळीतच राहिली आणि पुढे मोठी वैद्य झाली. राजवैद्यांनी राजधानीत परतताच आपल्या प्रत्येक शिष्याला एकेक आळी आणि एकेक जाणता गुरू नेमून दिला.

माणूस धडधाकट असताना ज्याने त्याला ओळखलं, त्यालाच त्याचं दुखणं आधी दिसतं.

आणि हो, राजवैद्यांचा सगळ्यात हुशार शिष्य पुढे अंबूच्या हाताखाली शिकायला कुंभारआळीत आला. त्याचं नवं कोरं उपरणं पाहून रंगू म्हणाला, "आलास का रे, तू—"

अगं बाई, आत्या हाक मारतेय. आले हं, आत्या!