कोतवालाच्या हातात हिरवी बांगडी

"कामाशिवाय रस्त्यावर फिरेल त्याला बंदिखान्यात टाका!" पिंपळगिरीच्या नागोजी महाराजांनी हुकूम सोडला आणि तुळाजी कोतवालाच्या अंगात आलं. त्यानं गोंधळी धरले, वासुदेव धरला, नंदीबैलवाला बैलासकट धरला. सासुरवाडीहून हात हलवत परतणारा एक जावईसुद्धा आत गेला!

दहा जणांच्या कोठडीत चाळीस जण कोंबले. माणसं पाळीपाळीनं बसायची. बैल मात्र कायम बसलेला. एके सकाळी महाराज पाहणीला आले, तशी गर्दीतून सगुणा कासारीण ओरडली, "महाराज, सोडा आम्हाला! आम्ही सगळी कामाची माणसं. मी दारोदार बांगड्या भरते. घडीभर झाडाखाली टेकले, तर उचलून आणलं!"

"दारोदार फिरणं हे काय काम झालं?" महाराज हट्टाला पेटले. "बरं, दाखव तुझं काम. तुझ्या काखेतल्या टोपलीतली सगळ्यांत लहान हिरवी बांगडी या तुळाजीच्या हातात भर! भरलीस तर तू एकटी सुटलीस. फुटली तर वर्षभर इथंच!"

कोतवालाचा पंजा म्हणजे नांगराचा फाळ. सगुणानं तो दाबून पाहिला. छे! पण आखडलेल्या हाताला बोलण्यात गुंतवायचं असतं, हे कुठल्या कासारणीला ठाऊक नसतं?

"कोतवालसाहेब, एवढा मोठा बैल धरलात तरी कसा हो?"

कोतवाल खुलला. "अगं, मी त्यालाच विचारलं, 'काय रे, रिकामा भटकतोस ना?' त्यानं मान डोलावली! कबुलीजबाबच की! मग सोडतो होय?"

अख्खा बंदिखाना खो खो हसला. कोतवालही स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन हसला, हात सैल पडला आणि बांगडी सुळकन मनगटावर!

"आता नमस्कार करा," सगुणा म्हणाली. "बांगडी भरली की कासारणीला नमस्कार करतात."

"रीत म्हणजे रीत!" महाराज म्हणाले. कोतवाल दात खात वाकला.

"शाब्बास! सुटलीस तू. आता ती काढ आणि नीघ."

सगुणानं ओढली. कोतवाल किंचाळला.

"हात पुन्हा आवळलाय, महाराज. फोडू का?"

"नको, नको! अपशकुन!" कोतवाल रडकुंडीला आला. "आणि अशीच घेऊन घरी गेलो, तर कुणी भरली म्हणून बायको विचारेल!"

"उपाय आहे," सगुणा म्हणाली. "माणसं धरून धरून तुमचा हात आखडलाय. त्याला सोडायची सवय लावा. एकेकाला दाराबाहेर नेऊन सोडा, मी बांगडी बघते."

कोतवालानं गोंधळ्यांना नेऊन सोडलं. "निघते का?"

"घट्ट आहे."

वासुदेवाला सोडलं. "आता?"

"जराशी हलली!"

मग काय! कोतवालानं पटापट माणसं सोडली. जावई तर धूम पळाला. शेवटी बैलाची दोरी सोडून त्यानं दमून हात पुढे केला आणि सगुणानं बांगडी अलगद काढली.

इतका वेळ बांगडीकडेच डोळे लावून राहिलेल्या महाराजांनी मागे पाहिलं. कोठडीत चिटपाखरू नव्हतं!

"अगं ए! मी तुला एकटीला सोडलं होतं!"

"मी कुणाला सोडलं, महाराज? सोडलं कोतवालसाहेबांनी. त्यांना पुन्हा धरायचं असेल तर खुशाल धरू देत. बांगडी शाबूत आहे, मी परत भरते!"

कोतवालानं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "नको, महाराज! एकालाही धरत नाही!"

महाराज पोट धरधरून हसले. हुकूम त्यांनी तिथल्या तिथे टराटरा फाडला आणि राजवाड्यातल्या समस्त बायकांच्या बांगड्या भरायचं काम, वर एक भरजरी लुगडं, सगुणाला देऊन टाकलं!