पांगाऱ्याचं शेवटचं फूल आणि मकूची आगगाडी

खेळण्यांच्या गावात एक घर असंही होतं, जिथे एकही खेळणं नव्हतं.

बाकी सगळीकडे ओसरीओसरीवर लाल भोवरे, पिवळेधमक पोपट आणि इवल्या इवल्या हिरव्या बाहुल्या वाळत पडलेल्या असायच्या. पण गावाच्या टोकाला, जिथून रान सुरू होतं, तिथे नऊ वर्षांची तुळसा, तिची आई आणि दोन वर्षांचा मकू राहायचे. आई दिवसभर दुसऱ्यांच्या कारखान्यात लाकडी खेळणी घासून गुळगुळीत करायची. शेकडो खेळणी तिच्या हाताखालून जायची. घरी यायचे ते फक्त बोटांवरचे चरे.

मागच्या थंडीत मकूला मोठा ताप आला. ताप गेला, तो पायांतलं बळ घेऊनच गेला. शेजाऱ्यांचा पांगुळगाडा आणून पाहिला, तर मकू त्याच्यासकट पालथा पडला. तेव्हापासून पांगुळगाडा नुसता दिसला तरी तो किंचाळायचा. दिवसभर कोपऱ्यात बसून राहायचा, इतका गप्प, की तुळसा मधेच दचकून त्याच्या नाकाशी बोट धरून पाहायची.

वैद्यबाई आल्या, त्यांनी मकूचे पिटुकले तळवे चोळून पाहिले.

"पांगाऱ्याची फुलं झडायच्या आत पोर उभं राहायला हवं गो," त्या म्हणाल्या. "शेवटचं फूल पडलं, की पाय चालणं विसरले म्हणून समज. मग माझ्याजवळ औषध नाही."

मकू मान वर करायचा तो एकाच वेळी. डोंगरापलीकडून आगगाडी गेली, की दोन्ही हात पुढे करून म्हणायचा, "झुक!"

"आई, त्याला दोरीची लाकडी आगगाडी आणली तर? मी पुढे ओढीन, तो मागे येईल."

आई तांदळाचा रिकामा डबा पुसत राहिली, पुसत राहिली.

मग तुळसाने रानातली पानं आणून पत्रावळी लावल्या. बोटांना काड्या टोचल्या, पण पाच नाणी जमली. ती मुठीत घट्ट धरून तुळसा चंद्राक्कांच्या दुकानात गेली. चंद्राक्का म्हणजे गावातली सगळ्यात जुनी कातारीण, लाकूड कातून खेळणी घडवणारी.

"पाच नाण्यांत गो शिटीसुद्धा येत नाही," चंद्राक्का म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून मऊ झाल्या. "बरं, हात लावून बघ. बघायला कोण पैसे मागतंय?"

एक गाडी होती बारा डब्यांची, सोनेरी चमचम खिडक्यांची. दुसरी होती रुळांवर फिरणारी, मण्यांएवढ्या चिमुकल्या चाकांची. तुळसाने दुकानातल्या सगळ्याच गाड्यांना हात लावला, या दोन्ही छातीशी धरल्या आणि परत ठेवल्या. रानात पोचेपर्यंत तिने रडू आवरलं, मग एका पांगाऱ्याखाली बसून ती हमसाहमशी रडली. रानातले बाकीचे पांगारे केव्हाच झडले होते. या एकावर तीन फुलं उरली होती, पोवळ्यासारखी लालचुटुक.

"इतकं रडलीस तर माझी मुळं खारट होतील गं!"

तुळसा किंचाळलीच. फांदीवर बोटभर उंचीची परी बसली होती. तिचा झगा केशरी-लाल, पंख कोवळ्या पालवीचे, आणि केसांत दवाचे थेंब लुकलुकत होते.

"घाबरू नकोस, बाळ. तीन फुलं आहेत, म्हणजे तीन इच्छा. पण नियम ऐक. ज्या गाडीला तू हात लावलास तीच मागायची. नकोशी झाली, तर परत आणल्याशिवाय दुसरी नाही. आणि इच्छा पुरी झाली, की तिचं फूल गळणार. ज्या फुलाची इच्छा मागितलीच नाही, ते मात्र मी धरून ठेवीन, जमेल तितकं."

"मला गाडी नकोच! माझ्या मकूला चालता कर!"

परीचे पंख हळूहळू मिटले. "ते माझ्या हाती नाही गं. मी लाकडातली परी. लाकडातून निघेल तेवढंच देते."

तुळसाने डोळे पुसले आणि बारा डब्यांची गाडी मागितली. कुठेतरी कडाड् वाजलं. ती इतकी दचकली, की मागे न बघता गाडी घेऊन धावत सुटली.

मकूने गाडी पाहिली, जवळ ओढली आणि चाटली. थोड्या वेळाने त्याचे ओठ सोनेरी-निळे झाले. हा लाखेचा पक्का रंग नव्हताच, नुसता वरवरचा चकचकाट! तुळसाने परकराने, पाण्याने, बोटांनी त्याचं तोंड पुसलं. मकू रडून रडून ओकला. गाडी परत करताच तिचे रंग विरघळले, आणि गवतात एक बोडका ओंडका पडला.

दुसऱ्या इच्छेला तिने रुळांवरची गाडी मागितली. पुन्हा कडाड्. ती घरी पोचली, गाडी दोनदा गोल फिरली, मकू खुदकन हसला. इतक्या महिन्यांनी! तुळसा आईला हाक मारायला वळली, तेवढ्यात हसू थांबलं. मण्याएवढं चाक निखळून मकूच्या घशाशी गेलं होतं. तिने त्याला पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, आणि चाक टण्णकन जमिनीवर पडलं.

"मला सुंदर दिसलं ते मी मागितलं," ती गाडी परत ठेवत परीला म्हणाली. "मकूला काय हवं ते पाहिलंच नाही."

दुसरा ओंडका गवतात पडला, तेव्हा तिची नजर वर गेली. झाडाच्या दोन फांद्या तुटल्या होत्या. पांढऱ्या, ओल्या जखमा.

"गाड्या... यातून आल्या?"

"लाकडाशिवाय कुठून येणार?"

तुळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावातले कातारी फांदी घ्यायच्या आदल्या संध्याकाळी झाडाखाली चिमूटभर तांदूळ ठेवतात, झाडाची आणि झाडावर राहणाऱ्यांची परवानगी मागतात. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. तिने परीकडे सगळं मागितलं, आणि झाडाला विचारायचंच विसरली!

"आता तिसरी इच्छा?" परीने विचारलं.

तिसरं फूल ज्या फांदीवर होतं, तिच्यावर साळुंकीचं घरटं होतं. चार पिवळ्या चोची उघडल्या होत्या.

तुळसाने डोळे गच्च मिटले. तिला मकूचे तळवे दिसले, मऊ मऊ, महिनोन्महिने जमिनीला न टेकलेले.

"नको," ती म्हणाली. "त्यांना अजून उडता येत नाही."

घरी तर तांदळाचा दाणा नव्हता. मग तिने ओंजळभर पाणी झाडाच्या मुळाशी घातलं. "माझं चुकलं. हे दोन ओंडके तरी नेऊ का? ते तुटलेलेच आहेत."

वारा नव्हता, तरी पानं सळसळली.

चंद्राक्कांनी ओंडके हातात घेऊन जोखले. "लाकूड तुझं, तर मग मजुरी तेवढी. पाच नाणी पुरेत. पण ओलं आहे गो. सावलीत वाळवून गाडी व्हायला आठ दिवस हवेत, नाहीतर तडकेल."

"आठ दिवस? आक्का, फूल एकच उरलंय!"

"फुलाला मी काय सांगू? रंग कोणता देऊ?"

"रंग नको. दोनच डबे. चाकं मकूच्या मुठीपेक्षा मोठी, आणि कोपरे गोल. दोरी आखूड आणि जाड, गळ्यात अडकायला नको."

"शहाणी झालीस की एका दिवसात," चंद्राक्का पुटपुटल्या.

रोज पहाटे तुळसा रानात धावायची. मोजायला एकच फूल, तरी बघायची हिंमत होत नसे. तिसऱ्या दिवशी ते सुकलं. पाचव्या दिवशी एक पाकळी गळली. सातव्या दिवशी वादळ झालं. तुळसा मकूला कवटाळून बसून राहिली, आणि आई म्हणाली, "पुरे गं आता, आशा तरी किती करायची?"

आठव्या सकाळी फूल होतं. सुरकुतलेलं, एका तंतूवर लटकलेलं. परीने दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं होतं, तिचे पंख फाटले होते. तुळसाने गाडी आणली, मकूला पांगाऱ्याखाली बसवलं आणि दोरी ओढली. जड, गोल चाकं खडखड करत गवतावरून निघाली.

"झुक!" मकू म्हणाला, आणि रांगला. गाडी पुढे सरकली. तो थांबला, रागावला, झाडाच्या बुंध्याला धरून वर सरकला, वर, वर. त्याचे गुडघे लटपटले. आणि त्याने बुंध्यावरचा हात सोडला.

त्याच क्षणी फूल गळलं. परी हसली, आणि तिच्या हसण्यातून लाल-सोनेरी उजेड उसळला. पानापानांतून, घरट्यातून, तुटलेल्या फांद्यांच्या जखमांतून तो झिरपला आणि जखमांवर कोवळे अंकुर फुटले. उजेड विरला तेव्हा फांदीवर कुणीच नव्हतं.

मकू दोन पावलं चालला, धपकन बसला, आणि ओठ काढून रडायला लागला. तुळसा त्याला उचलायला धावली, तर त्याने तिचा हात झटकला आणि पुन्हा उभा राहिला.